आधी खात्री, मग दवंडी

गोष्ट सप्टेंबर २०२४ ची. परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली होती. रात्री पूर्णाकाठच्या एका गावातून मोबाईलवर निरोप आला, ‘धरण फुटलं!’ मी शेतीचा पदवीधर, पण शहानिशा न करता तो पुढे धाडला. लोक अंधारात, चिखलातून घरं सोडून पळाले. एका म्हातारीचा हात मोडला. धरण मात्र शाबूत होतं.

मंडळी, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५४ ध्यानात ठेवा. खोटी आवई उठवणाराच नव्हे, तर ती पसरवून घबराट माजवणाराही एक वर्षापर्यंत कैदेला किंवा दंडाला पात्र ठरतो.

म्हणून गप्प मात्र बसू नका. पाणी चढताना दिसलं, तर लगोलग तलाठ्याला, तहसील कचेरीला कळवा. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. ऐकलेलं असेल तर ‘ऐकलं’ म्हणा.

म्हातारीला भेटून मी माफी मागितली. ‘असू द्या साहेब,’ म्हणाली. पण मन अजून खातं.