रंगांची साक्ष

रंग ताजा दिसला म्हणजे चित्र नवें, असा आपला सर्वांचा समज असतो. याच समजापायीं स्पेन देशांतील एका सज्जनास मरेपर्यंत बोल ऐकावा लागला. त्यांचें नांव मार्सेलिनो सांझ दे सौतुओला. १८७९ सालीं आल्तामिरा येथील गुहेंत ते जुनीं हत्यारें शोधीत असतां त्यांच्या लहान मुलीनें, मारियानें, सहज वर पाहिलें, तों छतावर तांबडे रानबैल! (वडिलांची दृष्टि जमिनीस खिळलेली, मोठ्या माणसांचें पुष्कळदां असेंच होतें.) पुढील वर्षीं त्यांनीं पुस्तिका प्रसिद्ध केली, पण विद्वानांस तें पटेना. इतका टवटवीत रंग हजारों वर्षें टिकेल कसा? एका चित्रकाराकडून तीं चित्रें काढविलीं असावींत, असेंही कोणी सुचविलें. १८८८ सालीं सौतुओला वारले. फ्रान्समधील कार्तेलाक या पंडितानें आपली चूक १९०२ सालीं जाहीरपणें कबूल केली, ती वाचावयास ते नव्हते.

पुढें त्या रंगांची रासायनिक परीक्षा झाली. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या गेरूचा सोदरच; काळा बहुतेक कोळशाचा. झाडपाल्याचा रंग उन्हानें विटतो. गेरू हा मुळांतच गंजलेल्या लोहाचा, त्यास आणखी काय होणार? तेव्हां ताजेपणा हा लबाडीचा पुरावा नव्हताच.

फ्रान्समधील निओ गुहेच्या रंगांत अभ्रक व फेल्डस्पार यांची पूड मुद्दाम मिसळलेली आढळली. कांहीं चित्रांत तर आधीं कोळशाचें रेखाटन व त्यावर मँगनीजचा काळा रंग आहे. रेखाटनावांचून एकदम कुंचला चालविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस मी हें आवर्जून सांगतों.

गेरू आपलें वय सांगत नाहीं. कोळसा मात्र एके काळीं जिवंत झाड होता. झाड मेल्यावर त्यांतील किरणोत्सर्गी कार्बन घटत जाऊन सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पूर्वीं या परीक्षेस इतका कोळसा लागे कीं चित्रच खरवडून जावें. आतां एक मिलिग्रॅमही पुष्कळ होतो. १९९२ सालीं आल्तामिराच्या रानबैलांचें वय प्रसिद्ध झालें : सुमारें १४,००० रेडिओकार्बन वर्षें. लोह व मँगनीज ओळखण्यास आतां क्ष-किरणांचें लहानसें यंत्र भिंतीस न खरवडतां पुरतें. परंतु वय जाणावयाचें, तर कोळशाचा एक कण काढावाच लागतो, आणि काढलेला कण पुन्हां बसवितां येत नाहीं.