चारही चाकांची चौकशी

‘साहेब, फोर बाय फोर एकदाही टाकलेला नाही, अगदी नवा कोरा आहे!’ जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य गाडीचा मोठेपणा म्हणून सांगितलं जातं आणि घेणाराही ते ऐकून खूश होतो. माझ्या थोरल्या मावसभावाबरोबर कोल्हापूर, सांगली, कराडकडे गाड्या बघत हिंडलो, तेव्हापासून मला मात्र हे वाक्य कानावर आलं की आधी गाडीखाली वाकून बघावंसं वाटतं. पुढच्या चाकांना ताकद देणारी यंत्रणा वर्षानुवर्षं पडून राहिली की तिची मोटर आखडते, तेल जुनं होतं, सील सुकतात. मग ज्या दिवशी खरी गरज पडते, नेमकी त्याच दिवशी ती दगा देते.

दादाला अशी गाडी हौसेखातर नको होती. त्याचं बिऱ्हाड कोल्हापुरात, पण मावशी आणि काका गावी, आंबा घाट उतरल्यावर साखरप्याच्या पुढे. डांबरी रस्ता संपला की वाडीपर्यंत तांबड्या मातीची चढण आहे. मे महिन्यात तिथे कोणतीही गाडी चढते. मृगाचा पाऊस लागला की साध्या मोटारीची पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री मावशीला दम लागला, तेव्हा शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरमधून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागलं होतं. त्यानंतर वहिनींनीच विषय काढला. गाडी अशी हवी की सहाजण बसतील, म्हाताऱ्यांना चढता-उतरता येईल आणि ती चढण पावसात चढेल. हाताशी सात-आठ लाख रुपये. नव्या गाडीचा प्रश्नच नव्हता.

या पैशांत बाजारात काय मिळतं याची दादाने आधी नीट माहिती काढली. टाटाची सफारी स्टॉर्म २०१२मध्ये आली आणि २०१९मध्ये बंद झाली. तिच्या फोर बाय फोर गाडीत बटण फिरवून पुढची चाकं जोडता येतात. २०२१मध्ये सफारी हेच नाव घेऊन आलेली नवी गाडी मात्र पुढच्या चाकांवरच चालते, तिच्यात फोर बाय फोर नाही. हे ठाऊक नसल्याने नावावर भुलून चुकीची गाडी बघायला जाणारे आम्हाला भेटले. महिंद्राची स्कॉर्पिओ २००२पासूनची, तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, पण फोर बाय फोर स्कॉर्पिओ विकायला येते क्वचित. रेनॉची डस्टर चारही चाकांवर चालणाऱ्या रूपात २०१४मध्ये आली; चालवायला हलकी, मागचं सस्पेन्शन उत्तम, पण आसनं पाच. फोर्डची एन्डेव्हर दणकट गाडी, मात्र सप्टेंबर २०२१मध्ये कंपनीने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सेवा चालू राहिली तरी महागडा भाग लागला तर तो किती दिवसांनी हातात पडेल, हा प्रश्न दादाला सतावत होता. फॉर्च्युनरचं नाव मोठं आणि जुनी झाली तरी किंमतही मोठी. या पैशांत जी मिळाली असती तिचं वय बघून वहिनींनी नकार दिला आणि मला तो पटला. नावाच्या जोरावर थकलेली गाडी घेण्यापेक्षा कमी वयाची, नीट सांभाळलेली गाडी केव्हाही बरी.

आम्हाला मार्गदर्शन करणारे मिस्त्री कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले. कमी बोलतात, पण गाडीखाली शिरले की सगळं समजावून सांगतात. त्यांनी पहिल्यांदा एक फरक स्पष्ट केला. शिडीसारख्या चेसिसच्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकं गरजेपुरती जोडायची असतात आणि मध्ये डिफरेन्शिअल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती किंवा चिखल असेल तर चाक थोडं घसरतं आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, म्हणून सगळा ताण शाफ्टवर आणि ट्रान्स्फर केसवर येतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. त्यामुळे अशी गाडी तपासायची तर मातीचं मैदान शोधायचं, शोरूमसमोरच्या रस्त्यावर नाही. दुसऱ्या प्रकारात गाडी आपणच ठरवते की मागच्या चाकांना किती ताकद द्यायची. तिथे टायर बघायचे. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असले तर चाकांचे व्यास सारखे राहत नाहीत, मधला क्लच सतत काम करत राहतो, तापतो आणि झिजतो. टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले की मिस्त्री आधी त्याचं कारण विचारायचे.

एका गाडीने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. तिचं मॉडेल सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, तिच्यावर गुजरलेल्या प्रसंगाचा होता. रत्नागिरी पासिंगची, पांढरी, आतून-बाहेरून चकाचक, किलोमीटर जेमतेम सत्तर हजार. फायरिंग सुरेख. दादा जवळजवळ हो म्हणणार होता. मिस्त्रींनी मालकाची परवानगी घेऊन गाडी खड्ड्यावर घेतली आणि मागच्या डिफरेन्शिअलचा ड्रेन प्लग सैल केला. तेल काळं किंवा मधाच्या रंगाचं यायला हवं होतं. बाहेर आलं ते दुधाच्या चहासारखं. तेलात पाणी मिसळलं की असा रंग येतो. डिफरेन्शिअलला हवा घ्यायला बारीक नळी असते. गरम झालेला डिफरेन्शिअलचा गोळा अचानक पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. प्लगच्या टोकाला लोहचुंबक होता. त्यावर नुसती पूड असती तर चाललं असतं, झिजेची तेवढी पूड प्रत्येक गाडीत सापडते. इथे नखाएवढे कपचे होते. मिस्त्रींनी ते बोटावर घेऊन दादाला दाखवले आणि प्लग परत घट्ट बसवला.

पाणी ओढ्याचं की पुराचं, हे अजून ठरायचं होतं. ते वहिनींनी शोधलं. त्यांनी मधल्या रांगेतला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. नेहमी गुंडाळलेला राहणारा त्याचा शेवटचा भाग तपकिरी पडला होता आणि त्याच्या विणीत गाळ सुकून बसला होता. गालिचे नवे घालता येतात, आसनं धुता येतात, पण बेल्टचं ते टोक सहसा कुणी धूत नाही. मग आसनाखालचे बोल्ट बघितले, गंजलेले. डॅशबोर्डखाली वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी धरलेली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याआधी ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगा आणि कृष्णेने कोल्हापूर-सांगली वेढली होती. दोन्ही वेळा असंख्य वाहनं बुडाली. पुरातली गाडी विमा कंपनी पूर्ण नुकसानीत काढते, ती भंगाराच्या भावाने विकली जाते, कुणीतरी ती धुऊन-पुसून उभी करतं आणि काही काळाने ती पुन्हा बाजारात येते. इंजिन सुधारता येतं. वायरींच्या आत शिरलेला ओलावा मात्र दोन-तीन वर्षांनी डोकं वर काढतो. आजारी माणसाला घेऊन घाट चढायच्या गाडीत मला हा धोका अजिबात मान्य नाही, किंमत कितीही उतरवून दिली तरी.

यावरून एक साधी गोष्ट कळली. जुनी विमा पॉलिसी मागून घ्यावी आणि तिच्यावर ‘नो क्लेम बोनस’ किती टक्के आहे ते वाचावं. एकही दावा न करता वर्षं गेली तर हा बोनस २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पाच-सहा वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर शून्य दिसलं तर दावा झाला होता का आणि कशासाठी, हे विचारायलाच हवं.

स्वस्त गाड्यांचा आणखी एक झरा दिल्लीकडून येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात मनाई केली आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे तिकडच्या गाड्या दलालांच्या हातून आपल्याकडे येत राहिल्या. काही खरंच चांगल्या असतात, कोकणातल्या खाऱ्या हवेचा गंज त्यांना लागलेला नसतो. पण तिकडची एनओसी, इथली पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर यांचा हिशेब केला की स्वस्ताई बरीचशी विरते. दादाने तो नाद सोडला.

इंजिनाच्या बाबतीत मिस्त्रींचा आग्रह एकच होता: गाडी थंड असताना सुरू करायची. एका ठिकाणी आम्ही पोचलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर गरम. मालक म्हणाला, आत्ताच धुऊन आणली. मिस्त्री म्हणाले, ‘मग उद्या सकाळी येतो, चावी लावू नका.’ दुसऱ्या दिवशी गार इंजिनाने चांगलेच आढेवेढे घेतले आणि पांढरट निळा धूर सोडला. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं तर ते भकाभका हवा फेकत होतं. याला मेकॅनिक लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्याचं ते लक्षण. स्कॅनर लावल्यावर कळलं की दोषांच्या नोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या होत्या. याच गाडीत फोर बाय फोरचं बटण फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला, स्थिर झालाच नाही. फ्यूज गेला असेल, असं मालकाचं म्हणणं. फ्यूज शाबूत होता. ट्रान्स्फर केसवरची मोटर आखडली होती, कारण ती कधी फिरलीच नव्हती.

शेवटी पसंत पडलेली गाडी शाहूवाडी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची. किलोमीटर दीड लाखाच्या घरात, खालच्या संरक्षक पत्र्यावर दगडांचे ओरखडे, डाव्या दारावर पोचा. दादाचं मन खट्टू झालं. सत्तर हजारांची गाडी सोडून दीड लाखाची घ्यायची? मिस्त्रींचं मत उलट होतं आणि माझंही. हा माणूस पावसाळाभर शेतावर जाताना चारही चाकं जोडत होता. त्याच्याकडे बिलांची फाइल होती आणि तिच्यात ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरेन्शिअलचं तेल बदलल्याच्या तारखा होत्या. बहुतेक मालकांच्या बिलांत फक्त इंजिन ऑइल सापडतं. बिलांवरचे किलोमीटर क्रमाने वाढत गेलेले, मीटरशी जुळणारे. चेसिसवर ताजा काळा रंग फासलेला नव्हता, त्यामुळे जुना गंज जसा होता तसा दिसत होता. पेचकसाच्या मुठीने ठोकलं तर सगळीकडे खणखणीत आवाज. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहिले, खेळ नव्हता, ग्रीस ओलं होतं. ज्या भागांवर आमचा जीव अवलंबून राहणार होता, ते भाग वापरात होते आणि त्यांची निगा राखली गेली होती.

मग त्या शेतकऱ्याच्याच शेताच्या बांधावर परीक्षा झाली. दादाने फोर हाय टाकलं, दिवा लगेच स्थिर झाला. थांबून, न्यूट्रल करून फोर लो टाकलं. खालून खट् असा आवाज आला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी ओल्या उतारावरून वर चढली. परत टू व्हीलवर घेतल्यावर दिवा विझला की नाही, हेही मिस्त्रींनी मुद्दाम तपासलं. काही गाड्यांत यंत्रणा जोडली जाते, पण सुटत नाही आणि तशीच डांबरावर चालवली गेली तर पुढचं सगळं खर्चाचं असतं.

व्यवहारात दोन गोष्टींवर मालकही ठाम होता, ते मला आवडलं. आरसी बुकवरचा बँकेचा बोजा त्याने आधीच उतरवून घेतला होता, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय चावी देणार नव्हता. नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. या शेतकऱ्याच्या ओळखीतल्या एकाने हा ताप भोगला होता. थकलेले ई-चलान आमच्यासमोर भरले गेले. विम्याचं हस्तांतर चौदा दिवसांच्या आत करायचं असतं, ते दादाने त्याच आठवड्यात उरकलं. जुन्या मालकाचा बोनस गाडीबरोबर येत नाही, म्हणून हप्त्याचा फरक वेगळा भरावा लागला.

ठरलेल्या किमतीशिवाय दादाने साठ-सत्तर हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. माझ्या मते जुन्या फोर बाय फोरच्या हिशेबात ही रक्कम पहिल्या दिवसापासून धरायलाच हवी. त्यातून चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच वेळी घेतले, सगळी तेलं बदलली, ब्रेकचं ऑइलसुद्धा. पुढच्या डाव्या अॅक्सलचा रबरी बूट चिरायला लागला आहे; तो फाटला तर ग्रीस निघून जाईल, आत चिखल शिरेल आणि अख्खा जॉइंट बदलावा लागेल. नवा बूट पुण्याहून मागवला आहे. तो बसला की मिस्त्री दादाला महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकून थोडं अंतर चालवायला लावणार आहेत, आणि त्या दिवशी वहिनीही गाडी हाताळून बघणार आहेत, कारण पुढच्या पावसाळ्यात गावी जायची वेळ आली तर दादा कामावर असू शकतो.