पाणी बदलले आणि डोके खाजू लागले

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी आणि आता सख्ख्या जावा. माहेर अकोल्याचे, विदर्भातले अकोला नव्हे, आपल्या नगर जिल्ह्यातले प्रवरेकाठचे अकोले. सासर पाथर्डीचे. जिल्हा एकच, पण क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. पश्चिमेच्या टोकाला घाटघर-रतनवाडीत पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि भंडारदऱ्याच्या धरणात साठतो. १९२६ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाखालून येणारे पाणी अंगावर घेतच आम्ही मोठ्या झालो. पूर्वेच्या टोकाला पाथर्डीत आकाशाकडे बघत बसायचे. नळ येईल तेव्हा येईल, एरवी बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर.

लग्नाला दोन महिने झाले नसतील, दोघींच्याही डोक्याला खाज सुटली. अशी की पोळ्या लाटताना हात डोक्याकडे जायचा आणि कोणी बघेल म्हणून अर्ध्यावरून परत यायचा. नव्या सुना, त्यातून दोघी एकदम डोके खाजवतात, म्हणजे काय समजायचे? सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मांनी, काही न बोलता एक दिवस बारीक दातांची फणी काढली आणि पांढऱ्या ओढणीवर आमची डोकी विंचरली. ऊ एकही पडली नाही. पडला तो पांढरा भुगा. अम्मांना हायसे वाटले, आमची लाज मात्र जायला बरेच दिवस लागले.

मग सुरू झाले घरगुती उपाय. नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार, या हिशोबाने आम्ही स्वयंपाकघरातले सगळे डोक्याला लावले. लिंबू कापून थेट चोळले, तर खाजवून सोललेल्या जागी असे झोंबले की डोळ्यांतून पाणी आले. खायचा सोडा लावला, केस काथ्यासारखे झाले. शेवटी खोबरेल थापून रात्रभर तसेच झोपायचे, आणि तेलाखाली कोंडा चिकटून बसायचा. पुढे कळले की कोंड्यामागे जी बुरशी असते ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि त्वचेच्या तेलकटपणावरच जगते. म्हणजे आम्ही तिला रात्रभर जेवू घालत होतो.

उलगडा केला तो नानीने. ती अकोल्याहून आम्हाला भेटायला आली होती. डोके बघण्याआधी तिने न्हाणीघरातली बादली बघितली. आतून पांढरा, खरखरीत थर. मग चुलीवरच्या तुरीच्या डाळीकडे बघितले. तासभर झाला तरी दाणा अख्खाच. म्हणाली, "पोरींनो, तुमची डोकी चांगली आहेत, पाणी जड आहे."

तेच होते. काळ्या खडकातून झिरपत बोअरला येणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. आम्ही डोक्याला साबणाची वडी लावत होतो. साबण आणि हे क्षार एकत्र आले की फेस होत नाही, चिकट साका होतो. तो धुतला जात नाही, केसांच्या मुळाशी बसतो. मग फेस येत नाही म्हणून आणखी साबण, आणि खाज आणखी. शिकेकाई आणि रिठ्याचे तसे होत नाही. त्यांचा फेस वेगळ्या द्रव्याचा असतो, जड पाण्यात त्याचा साका धरत नाही. शिवाय शिकेकाई किंचित आंबट, त्यामुळे साबणासारखी त्वचा कोरडी पाडत नाही. नानीला यातले रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. तिला राजूरच्या बाजारात ठाकर बायका जंगलातून आणून विकतात ती शिकेकाई ठाऊक होती, आणि पुढच्या खेपेला ती पिशवी भरून घेऊन आली.

तिची रीत अशी. दोन मुठी शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले सात-आठ रिठे आणि मूठभर आवळकाठी रात्री लोखंडी नाही अशा भांड्यात भिजत घालायची. सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळायची, कोमट झाली की कुस्करून फडक्याने गाळायची. चोथा डोक्यावर घ्यायचा नाही, तो निघता निघत नाही आणि त्याचीच खाज येते. तेल लावायचे तर न्हाण्याआधी तासभर, जास्त नाही. डोळे घट्ट मिटून घ्यावेत. रिठा डोळ्यांत गेला की माणूस शिकेकाईचे नाव काढत नाही. भिजवायला पाणी बोअरचेच घ्यायचे, पण आदल्या दिवशी उकळून, रात्रभर निवू देऊन, वरचे नितळ तेवढे. सगळे क्षार जात नाहीत, पण बराच साका तळाला बसतो. पावसाळ्यात पत्र्याखाली ड्रम लावतो, पहिल्या पावसाचे पाणी सोडून देतो आणि नंतरचे फक्त डोक्यासाठी ठेवतो. त्या ड्रमला हात लावलेला आम्हाला खपत नाही.

कोरफड लावणाऱ्यांना एक सांगतो. पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो पूर्ण निथळू द्या, तोच कित्येकींना खाजवतो. आणि नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

नानीने आणखी एक सवय मोडली. फजरच्या आधी न्हायचे, ओलेच केस घट्ट बांधायचे, वर ओढणी, बाहेर जाताना त्यावर बुरखा. दुपारपर्यंत आत दमटपणा आणि घाम. "गीले बालां नक्को बांधो," हे तिचे वाक्य आमच्या घरात आता मुलीसुद्धा एकमेकींना चिडवायला वापरतात. आम्ही न्हाण्याची वेळ बदलली: दुपारी, कामे उरकल्यावर, आणि केस वाळेपर्यंत घराबाहेर पाऊल नाही.

चारेक आठवड्यांत खाज थांबली. अम्मांची मात्र थांबेना, आणि त्यांना शिकेकाईचाही राग आला. त्यांचे कारण दुसरेच निघाले. केस काळे करायला त्या पाकिटातली 'काळी मेंदी' लावत होत्या. मेंदीच्या पानाला काळा रंग नसतो, तो येतो त्यात मिसळलेल्या रासायनिक रंगाने, आणि तो पुष्कळांच्या त्वचेला सोसत नाही. अम्मांनी ते पाकीट सोडले. आता त्यांचे केस साध्या मेंदीने केशरी दिसतात आणि त्या आरशात बघून कुरकुरतात.

शॅम्पूला आम्ही नावे ठेवत नाही. जड पाण्यात तो वडीच्या साबणापेक्षा बराच. तसे तर शॅम्पू हा शब्दच आपल्या चंपीच्या घराण्यातला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी इंग्लंडात ब्रायटनला मालिश आणि वाफेच्या स्नानाचे घर काढले, राजा चौथा जॉर्ज त्यांच्याकडून शॅम्पूइंग करून घेई. तेव्हा त्याचा अर्थ चोळणे, चेपणे एवढाच होता.

इथपर्यंत सगळे चांगले झाले, आणि तिथेच आमची चूक झाली. गल्लीतल्या बायका डोक्याचे विचारायला येऊ लागल्या. आम्ही शिकेकाईच्या पुड्या बांधून देऊ लागलो. आम्हाला वाटू लागले की डोक्याचे सगळे आम्हाला कळते.

थोरलीचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्याच्या डोक्यावर मागे, रुपयाएवढी गोल जागा खाजू लागली. कोंडाच, असे आम्ही ठरवले. कडुनिंबाचा पाला उकळून धुतले, शिकेकाई केली, कोरफड लावली. जागा मोठी होत गेली, केस मुळापाशी तुटून काळे ठिपके तेवढे राहिले. मग औषधांच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून एक ट्यूब आणली. चार दिवस खाज थांबली, आम्ही खूश. ट्यूब संपली आणि तीन नव्या जागा उठल्या. मुले त्याला टकल्या म्हणू लागली. तो टोपी काढेना, झोपतानाही. असे सहा आठवडे आम्ही घालवले.

शेवटी नगरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दोन-चार तुटके केस चिमट्याने काढून तपासायला घेतले. गजकर्ण होते. केसांच्या आत मुळापर्यंत शिरलेली बुरशी. वरून लावलेले काहीच तिथे पोहोचत नाही, ना पाला ना मलम. पोटातूनच गोळ्या, रोज दुधाबरोबर, कित्येक आठवडे, आणि केस दिसू लागले तरी सांगितल्याशिवाय थांबवायच्या नाहीत. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते, त्याने खाज दाबली आणि बुरशी पसरू दिली. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "टोपी, कंगवा, उशी कोणाबरोबर वापरतो?"

मकतबमध्ये मुले टोप्या अदलाबदल करतात, हे आम्हाला माहीत होते. त्या दिवशी घरी येताना एसटीत आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मौलानासाहेबांना जाऊन सांगितले, मग एकेक घर घेतले. आमच्याकडून शिकेकाईच्या पुड्या नेणारीच घरे होती ती. दोन मुलांच्या डोक्यांवर तशाच जागा होत्या, आणि एका घरात आमचीच पुडी त्यासाठी वापरली जात होती. ती आम्ही मागून परत घेतली. एक बाई रागावली, रागावणारच. दुसरीने पोराला लगेच एसटीत बसवले.

घरातले कंगवे उकळले, टोप्या आणि उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकले. घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या औषधी शॅम्पूने डोकी धुतली, नानीनेही. दोन महिन्यांनी त्या जागांवर मऊ लव दिसली. रमजान ईदच्या आदल्या दिवशी पोरगा न्हाव्याकडे स्वतः गेला, येताना टोपी खिशात घालून आला.

शिकेकाई आम्ही अजून देतो. फक्त आता पुडी बांधण्याआधी डोके उजेडात बघतो.