हरिहर: चढलात? आता उतरा!

शुक्रवारी दुपारी चारनंतर ऑफिसात काम कमी आणि वीकेंडचं प्लॅनिंग जास्त चालतं, हे आता एचआरलाही माहीत आहे. लोणावळा झालं, अलिबाग झालं, मॉल तर पाठ झालेत. मग ग्रुपमधलं कुणीतरी मोबाइल पुढे करतं. फोटोत काळाकभिन्न कातळ, भिंतीला शिडी टेकवावी तशा उभ्या पायऱ्या आणि त्यांवर मुंग्यांसारखी माणसं. 'हे कुठंय रे?' हा पहिला प्रश्न. 'जायचं?' हा दुसरा.

हा हरिहर, उर्फ हर्षगड. नाशिकहून त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटर, तिथून खोडाळ्याच्या रस्त्यावर निरगुडपाडा. मुंबईकरांनी पहाटेची कसारा लोकल पकडून पुढे जीप ठरवावी, पुणेकरांना रात्रीचा प्रवास अटळ. सकाळी सातला गावात चहा घेतलात, तर दुपारी दोन-तीनपर्यंत खाली येऊन पिठलं-भाकरी. सोमवारची दांडी वाचली!

सुरुवातीचे तास-दीड तास घाम काढणारे आहेत, पण घाबरवणारे नाहीत. शेतं, झुडपं, मुरमाची घसरडी चढण, मग डोंगराची सोंड. ती संपते आणि पायऱ्या थेट अंगावर येतात. कोन सत्तर-ऐंशी अंशांचा सांगतात. आता तिथे कोनमापक कोण लावणार? पुढच्याच्या बुटांचे तळवे आपल्या कपाळासमोर येतात, तेवढा पुरावा बास.

गंमत म्हणजे चढताना या पायऱ्या वाटतात तेवढ्या दुष्ट नाहीत. प्रत्येक पायरीशी हात घालायला खोबण्या कोरल्यात. पंजा आत सरकवून बोटं वळवली की घट्ट पकड मिळते. १८१८मध्ये ब्रिटिशांनी गड घेतला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जनेही या खोबण्यांची नोंद केली होती. दोनशे फुटी भिंतीला लावलेली शिडीच म्हणाला तो या वाटेला. त्या काळात ब्रिटिशांनी कितीतरी किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. या पायऱ्या राहिल्या, हे आपलं नशीब.

पहिला टप्पा संपला की दरवाजा. लोक इथे 'जिंकलो' म्हणून फोटो काढतात. थांबा, राव! पुढे कातळाच्या पोटात खोदलेली वाट आहे. डोक्यावर खडक, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला सरळ दरी. उंच मंडळींना कमरेत वाकावं लागतं आणि पाठीवरची फुगलेली सॅक इथे हमखास अडकते. त्यानंतर पायऱ्यांचा दुसरा टप्पा, पहिल्यापेक्षा अरुंद. एका वेळी एकच माणूस.

माथ्यावर पाण्याचं तळं, हनुमान आणि महादेव, आणि छोट्याशा खिडकीतून सरपटत आत शिरावं लागतं असं जुनं कोठार. शेवटचा उंचवटा हातापायांनी चढून गेलात की ब्रह्मगिरी, अंजनेरी, भास्करगड, शिवाय वैतरणेचं पाणी. गडाच्या एका उभ्या कड्याला 'स्कॉटिश कडा' म्हणतात. स्कॉटलंडशी त्याचा संबंध नाही. १९७५मध्ये एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीने माथा गाठणाऱ्या डग स्कॉट यांनी तो १९८६मध्ये सर केला, आणि ते होते इंग्लिश.

खरा हरिहर सुरू होतो तो परत फिरल्यावर. चढताना नजर वर असते, उतरताना पहिली पायरी शोधायलाच खाली बघावं लागतं. आमच्यातली एक टेस्टिंगवाली, चढताना सगळ्यांच्या पुढे, वरच्या टप्प्याच्या तोंडाशी येऊन बसली ती बसलीच. मागे वीसेक माणसं, खालून तितकीच वर येणारी. 'अहो मॅडम, चला ना!' असे पुकारे सुरू झाले. अशा वेळी पुकाऱ्यांनी पाय आणखी लटपटतात, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

लिंबू सरबताची घागर घेऊन वर आलेला गावातला एक माणूस घागर बाजूला ठेवून तिच्या दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

'ताई, तोंड कातळाकडं करा. दरी न्हाई बघायची. माझा आवाज ऐका फक्त.'

'मामा, पाय कुठे ठेवू? दिसतच नाही.'

'म्या सांगतो ना. डावा सोडा. अजून. टेकला? आता उजवा हात खालच्या खोबणीत.'

खालच्यांना त्यानेच दटावून बाजूच्या कातळाला चिकटवलं. पंधरा-वीस मिनिटं लागली. खाली पोचल्यावर तिने पैसे पुढे केले, तर त्याने फक्त सरबताचे घेतले.

त्याची पद्धत पाठ करून जा: तोंड कातळाकडे, दोन हात-दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, एका वेळी एकच हलवायचा. हातात मोबाइल, छत्री, सेल्फी स्टिक काही नको. खाऊची पिशवी तर नकोच, पायऱ्यांवर माकडं दबा धरून असतात आणि त्यांना तुमच्या तोलाशी देणंघेणं नाही. चप्पल किंवा गुळगुळीत तळाचे जिमचे शूज गाडीतच राहू द्या.

पावसाळ्यातले हिरवेगार फोटो कितीही मोहक असोत, धो-धो पावसातल्या शनिवार-रविवारी इथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. ओला कातळ आणि दोन्ही दिशांची गर्दी, हे कॉम्बिनेशन जीवघेणं आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, जमल्यास कॉम्प-ऑफ टाकून आडवारी जा. आणि पायऱ्यांच्या पायथ्याशी पोचल्यावर ग्रुपमधलं कुणी म्हणालं, 'मी इथेच बसते', तर आग्रह करू नका. सोंडेवर वारा छान असतो आणि सॅक सांभाळायला कुणीतरी हवंच असतं.