फूटभर माती

मे महिन्यात फैजपूरला कधी गेला आहात? नसाल तर जाऊ नका! पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी केळीची पानंसुद्धा अंग मिटून घेतात. १९३६ साली काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन आमच्या या गावात झालं. ते डिसेंबरात ठेवणारे शहाणेच म्हणायचे.

आमची थोडी केळी आहे. आजोबांची विहीर मी शाळेत असतानाच आटली. मग ट्यूबवेल आली, मग आणखी खोल ट्यूबवेल. यावल-रावेर पट्ट्यात ही घरोघरची गोष्ट. आप्पा ठिबकवर पाणी देतात, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतात. बाग मात्र झाडून काढल्यासारखी लख्ख. पाचोळा बांधावर नेऊन पेटवायचा, ही त्यांची शिस्त.

एकदा मनात आलं, केळीच्या खाणाऱ्या मुळ्या बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात. म्हणजे शेकडो फुटांवरून पाणी उपसायचं ते या फूटभर मातीसाठी, आणि तीच आपण उन्हात उघडी टाकतो!

आप्पांना म्हटलं, चार ओळी मला द्या. ते म्हणाले, "पानं टाकशील तर करपा बागेत घेऊन बसशील." त्यांचं खरंच होतं. करप्याची पानं बागेत ठेवायचीच नसतात. ती बाहेर काढली आणि गव्हाचं काड आणलं, जे एरवी वावरातच जळतं. चार बोटं जाड थर दिला. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडली, नाहीतर ओल धरून खोड सडायची भीती.

पंधरा दिवसांनी भर दुपारी काड बाजूला करून आप्पांना माती हातात घ्यायला लावली. गार, ओलसर. शेजारच्या ओळीत नळीपासून हातभर अंतरावर भेगा. आप्पा काही बोलले नाहीत.

पुढे त्या ओळींत निंदणी कमी लागली. लाइट गेल्यामुळे पाण्याची पाळी चुकली तरी झाडं तगून राहिली. घडही जरा भरदार निघाले. चार ओळींवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं...

असो. ट्यूबवेल किती खोल न्यायची, याला कुठेतरी अंत आहे. वरची फूटभर माती झाकायला मात्र फक्त आपली सवय आडवी येते.

परवा आप्पांचा फोन आला. "शेजारचे काड पेटवायला निघाले होते. थांबवलंय मी. तू कधी येतोस?"