कामाशिवाय पुण्याला

मैत्रिणींनो, तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर एखादं मोठं शहर असेलच. सिन्नरच्या वाचक भगिनींना नाशिक, कामठीच्या भगिनींना नागपूर, तसं आम्हां पिंपरीकरांना पुणं. तिथे तुम्ही वर्षातून किती वेळा जाता, आणि कशाला जाता, हे जरा बोटांवर मोजून बघा बरं! लग्नाचा बस्ता बांधायला, मुलांच्या दाखल्याच्या कामाला, डॉक्टरांना दाखवायला, नाहीतर कुणाच्या तरी बाराव्याला. म्हणजे दर वेळी काहीतरी काम. आणि ते उरकलं की मिळेल त्या बसनं घरी, कारण संध्याकाळचा कुकर आपल्यावाचून लागत नाही.

माझंही अगदी असंच होतं. लग्न होऊन मी संत तुकाराम नगरात आले त्याला तेरा वर्षं झाली. माहेरी सोलापूरला कुणी विचारलं, "काय गं, पुणं पाहिलंस की नाही?" की मी तोऱ्यात म्हणायची, "त्यात काय बघायचंय? हाकेच्या अंतरावर तर आहे!" खरं सांगू? शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा मी बसच्या खिडकीतून पाहिला होता, तेवढाच.

मग मेट्रो आली. ६ मार्च २०२२ ला ती आमच्या भागातून धावू लागली आणि स्टेशनाला नावही आमच्याच वस्तीचं मिळालं. तेव्हा ती फुगेवाडीपर्यंतच जायची. मुलांना घेऊन आम्ही हौसेनं जाऊनही आलो. पुढे १ ऑगस्ट २०२३ ला ती जिल्हा न्यायालयापर्यंत पोचली आणि २९ सप्टेंबर २०२४ ला तिथून पुढचा भुयारी मार्ग सुरू झाला. कसबा पेठ, मंडई, स्वारगेट! आता पुण्याच्या पोटात शिरायला ना बस बदलायची, ना रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची.

आमच्या भिशीत लगेच बेत ठरला. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी, वरच्या मजल्यावरची बँकेतली मैत्रीण, आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आणि मी, अशा चौघी. जानेवारी २०२५ मधला एक रविवार धरला. नियमही केले : नवरे नाहीत, मुलं नाहीत, सासवा नाहीत आणि खरेदी नाही. शेवटच्या नियमावर बरीच चर्चा झाली. सासवांचा नियम मात्र एकमतानं पास!

घरी सांगितलं तेव्हा 'हे' म्हणाले, "एकच दिवस ना? जा की. आम्ही खिचडी टाकू." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. शनिवारी रात्री मेथी निवडायला बसलो होतो, तेव्हा मेथीकडेच बघत म्हणाल्या, "त्या मेट्रोत मी अजून बसले नाही."

मी ऐकलं न ऐकलंसं केलं. तुमच्यापासून कशाला लपवू? वर्षातून एक दिवस मिळतो, त्यातही 'आई, पाणी हवं का, आई, बसता का' असं करत फिरायचं मला नको होतं.

रविवारी सहाला उठून पाहते तो आई आंघोळ करून, ठेवणीतलं पातळ नेसून तयार. चपला दाराशी काढून ठेवलेल्या. तोंडानं मात्र अवाक्षर नाही.

"आई, चालायचं खूप आहे हं," मी म्हटलं.

"मी कुठं उचलून घे म्हणतेय?"

झालं! वहिनींना फोन केला तर त्या खो खो हसल्या. "नियम तुझ्याच घरून मोडला म्हणायचा! असू दे गं, येऊ देत त्यांना." मी हो म्हटलं, पण माझा चेहरा उतरलेला होता.

स्टेशनातल्या सरकत्या जिन्यापाशी आई थबकल्या. बँकेतल्या मैत्रिणीनं त्यांचा हात धरला, "एक, दोन, तीन" म्हटलं आणि दोघी वर पोचल्या. गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी... दापोडी सोडून गाडी मुळा नदीवर आली आणि आईंनी माझं मनगट घट्ट धरलं. वाटलं, उंचीची भीती वाटली असेल. "काही होत नाही आई, पूल आहे," मी म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे गाडी भुयारात शिरली. जिल्हा न्यायालयानंतर आपण मुठेच्या खालून जातोय, असं बाईंनी सांगितलं, तेव्हा मात्र आई हसल्या. "नदी ओलांडली आणि पाय कोरडे!"

कसबा पेठेत उतरून आधी कसब्याच्या गणपतीचं दर्शन घेतलं. हे पुण्याचं ग्रामदैवत. उजाड झालेल्या पुण्यात जिजाबाई बाळ शिवाजीला घेऊन आल्या, सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, गणपतीचं देऊळ बांधलं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तिथून लाल महाल चालत काही मिनिटांवर. आज दिसते ती इमारत महानगरपालिकेनं १९८० नंतर बांधलेली, पण आत जिजाबाई-शिवरायांपुढे उभं राहिलं की अंगावर काटा येतोच.

मग शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला थोरल्या बाजीरावानं पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल जळाले. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. बी.ए.ला इतिहास होता म्हणून मला चेव आला. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ ला इथेच खून झाला, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते, असं मी सांगत होते. आई मधेच म्हणाल्या, "आणि आई कुठं होती त्याची?"

मी क्षणभर गप्प झाले. आई म्हणजे गोपिकाबाई. तेव्हा त्या नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या. थोरला विश्वासराव १७६१ ला पानिपतावर गेला, माधवराव १७७२ ला थेऊरला क्षयानं गेले आणि पुढच्याच वर्षी नारायणराव. त्यानंतरही त्या १७८८ पर्यंत जगल्या. हे सगळं पाठ असूनही सनावळ्या घोकताना 'आई कुठं होती' हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

आता मात्र माझ्या मनात धाकधूक सुरू झाली, कारण पुढचा मुक्काम होता भिडेवाडा. त्याचं कारण तुम्हालाच सांगते. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला वर्गात बोलणं माझ्याकडे असतं. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, रस्त्यात अंगावर शेण-चिखल झेलला, फातिमा शेख त्यांच्या बरोबरीनं शिकवायला उभ्या राहिल्या, हे सगळं मी रंगवून सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही तो वाडा पाहिलाय?" आणि मी चक्क खोटं बोलले. "हो, पाहिलाय ना!" मनात म्हटलं, जवळच तर आहे, एकदा जाऊन आलं की खोट्याचं खरं होईल.

ते राहूनच गेलं. मोडकळीला आलेल्या त्या वाड्याचा प्रश्न बरीच वर्षं कोर्टात अडकलेला होता. तो सुटला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी वाडा पाडला. ज्या दिवशी आमची मेट्रो मंडईपर्यंत पोचली, त्याच दिवशी इथल्या स्मारकाची पायाभरणी झाली. दगडूशेठ गणपतीसमोर ही गर्दी, हारवाल्यांची आरडाओरड, आणि समोर वाड्याची रिकामी जागा. स्मारक होईल, चांगलंच होईल. पण तो जिना, त्या खोल्या मला आता कधीच दिसणार नाहीत.

आई त्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. "इथं होती होय पहिली शाळा?" मग म्हणाल्या, "मला चौथीतून काढली. धाकटा भाऊ झाला होता, त्याला सांभाळायला कुणी नव्हतं. पाढे मला तिसापर्यंत येत होते." हे त्या अगदी भाजीचा भाव सांगावा तसं बोलल्या. मी मनात हिशोब केला. आईंची शाळा सुटली १९६१ मध्ये. म्हणजे इथली शाळा निघाल्यावर ११३ वर्षांनी! आणि त्यांना तिसापर्यंत पाढे येतात, हे तेरा वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

दुपारी तुळशीबागेत शिरलो. खरेदी नाही हा नियम होताच, म्हणून या वेळी दुकानांवरून नजर काढून आतल्या राममंदिरात गेलो. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी १७६१ मध्ये याचं बांधकाम सुरू केलं. आम्ही चौघींनी तुळशीबागेतून आजवर किती बांगड्या, झारे, चाळण्या नेल्या असतील, पण बाजाराच्या मधोमध एवढं शांत देऊळ आहे आणि ते आपण पाहिलेलं नाही, हे कळल्यावर एकमेकींकडे बघून हसूच आलं. बाहेर पडताना वहिनींनी नियम मोडलाच. भाचीसाठी भातुकलीचा संच घेतला. "ही खरेदी नाही, भेट आहे," असा निकाल त्यांनी स्वतःच दिला.

शेवटचा मुक्काम बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावानं कविता करत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा छंद लागला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९६२ मध्ये सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. गावोगाव हिंडून वस्तू जमवण्यात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. एका लेकराच्या आठवणीत दोघांनी हजारो वस्तू गोळा केल्या. नुसती शस्त्रं नव्हेत हो! दिवे, दौती, कुलपं, पानाचे डबे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी. आपल्या रोजच्या हाताखालच्या वस्तू तिथे काचेआड मांडल्या आहेत.

आणि इथे आमच्या आईंची कळी जी खुलली! आम्ही चौघी शिकलेल्या, पण पाट्या वाचल्याशिवाय आम्हाला एक वस्तू ओळखेल तर शपथ. आई पाटीकडे न बघता सांगत होत्या. "ही वज्री. टाचा घासायची. खालचे खवले बघ." एक तरुण जोडपं जवळ आलं. "आजी, हे काय असतं?" मग काय, आई पुढे आणि सात-आठ माणसं मागे! एका नक्षीदार अडकित्त्यापाशी त्या थांबल्या. "माझ्या सासूबाईंकडे होता असा. मोराचा. मी मोडीत घातला आणि स्टीलचे डबे आणले. तेव्हा स्टीलची फार हौस होती." थोडं थांबून म्हणाल्या, "एवढी किंमत असते होय याला?"

मंडई स्टेशनातून परतीची गाडी धरली तेव्हा आमचे पाय बोलत होते. चौघींत सगळ्यात ताज्यातवान्या आई! बोपोडी गेली, गाडी पुन्हा मुळेच्या पुलावर आली. आईंनी पुन्हा माझं मनगट धरलं, पण या वेळी हलकेच.

"२०१८ ला ह्यांना याच वाटेनं दवाखान्यात नेलं होतं," त्या म्हणाल्या. "परत आणलं तेव्हा मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यानंतर कुणी पुणं म्हटलं की मला तो दवाखान्याचा लांबलचक व्हरांडाच दिसायचा. म्हटलं, एकदा जाऊन बघावं दुसरं काही दिसतंय का."

मैत्रिणींनो, त्या सहा वर्षांत पुण्यातल्या प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला आईंनी "गुडघे दुखतात गं" म्हणून येणं टाळलं होतं. मी ते खरं मानलं होतं. इतकंच नव्हे, बरं झालं, सुटसुटीत जाता येईल, असंही वाटायचं मला. तेच गुडघे आज सकाळपासून आमच्याबरोबर चालत होते! माझ्या तोंडून शब्द फुटेना. डब्यातली शिल्लक चिक्की काढून त्यांच्या हातावर ठेवली.

घरी खिचडी खालून लागली होती आणि ओट्यावर हळद सांडली होती. नेहमीसारखी मी चिडले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मुलींनो, मी भिडेवाडा पाहिलेला नव्हता. पाहायला गेले तेव्हा वाडा राहिला नव्हता." सांगताना जीभ अडखळली, पण मन हलकं झालं. मग माझ्या सासूबाईंची चौथी त्यांना सांगितली. ती त्यांनी माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा लक्ष देऊन ऐकली.

तुम्हीही निघा बायांनो. फार काही लागत नाही. पायांत जुन्या, सरावाच्या चपला हव्यात. पाण्याची बाटली आणि कोरडा खाऊ बरोबर घ्या. एकमेकींना चालत जोडता येतील अशी चार-पाचच ठिकाणं निवडा आणि मधे तासभर नुसतं बसायला ठेवा. मात्र यादीत एकही काम घालू नका. ना शिंप्याकडचा ब्लाउज, ना मिक्सरची दुरुस्ती. आणि दाराशी कुणी न सांगता चपला काढून ठेवल्या असतील, तर त्या कुणाच्या आणि कशासाठी, हे माझ्यासारखं परतीच्या गाडीत कळण्याची वाट बघू नका.

आमच्या भिशीचा नियम आता बदललाय. सासवा चालतील, खरेदी नाही. पुढच्या खेपेला गंज पेठेतला फुलेवाडा ठरलाय. तो अजून उभा आहे. ठरवलाय कुणी, सांगायला हवं का?