हलकं घ्या... पण किती?

लॅपटॉप हलका हवा. फोन पातळ हवा. केबिन बॅग तर अशी हवी, की विमानतळावरच्या काट्यानं तिची दखलच घेऊ नये! आपल्या पिढीला ग्रॅम मोजायची सवयच लागलीय. त्यामुळे टूरिंग स्की विकत घ्यायचं ठरल्यावर माझीही एक्सेल शीट तयार झाली आणि तिच्यातला पहिला कॉलम अर्थातच वजनाचा होता.

टूरिंग म्हणजे काय, ते आधी सांगते. सिनेमातलं स्कीइंग म्हणजे रोपवेनं वर जायचं आणि झोकात घसरत खाली यायचं. टूरिंगमध्ये रोपवे नाही. आपल्याच पायांनी चढायचं. चढताना बुटाची टाच मोकळी राहते आणि स्कीच्या तळाला ‘स्किन्स’ चिकटवलेल्या असतात. स्किन म्हणजे एकाच दिशेनं लव असलेली लांब पट्टी. ती पुढे सरकते, पण मागे घसरू देत नाही. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेर लोकरीची किंवा नायलॉनची असते. मोहेर छान सरकते, नायलॉन घट्ट पकडते, म्हणून बरेच जण दोन्हींचं मिश्रण घेतात. माथ्यावर पोचलं, की स्किन्स काढायच्या, टाच लॉक करायची आणि सुटायचं!

सह्याद्रीत पाय घडलेले आणि नोकरीसाठी म्युनिकला आलेले, त्यामुळे मला हा प्रकार आवडला नसता तरच नवल. आल्प्स इथून ट्रेनच्या अंतरावर. शनिवारी पहाटे निघायचं, सोमवारी सकाळी मीटिंगमध्ये हसऱ्या चेहऱ्यानं हजर!

आता वजनाचा फंडा. रिसॉर्टमधली साधी स्की एका पायाला दोन किलोच्या आसपास जाते. टूरिंगची स्की साधारण १,२०० ते १,५०० ग्रॅममध्ये मिळते. शर्यतीची तर किलोच्याही खाली. हजार मीटर चढायचे म्हणजे प्रत्येक पाय काही हजार वेळा पुढे ढकलायचा. त्यात पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त छळतं, हे ओल्या बुटांनी ट्रेक केलेल्या कुणालाही पटेल. त्यामुळे ‘सगळ्यात हलकी ती सगळ्यात चांगली’ हे गणित अगदी सरळ वाटतं.

दुकानातल्या आजोबांना मात्र माझ्या शीटचं कौतुक नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘उतरताना शेवटच्या अर्ध्या तासात तुमचे पाय कसे असतात?’’ खरं उत्तर होतं, उकडलेल्या शेवयांसारखे. त्यातून माझ्या उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेलं. आजोबा म्हणाले, ‘‘मग आधी दोन जोड्या भाड्यानं न्या.’’

नेल्या. मार्चमधल्या एका वीकेंडला, म्युनिकच्या दक्षिणेला श्पिट्झिंगझे तलावाजवळच्या १,८८४ मीटर उंचीच्या रोटवांड डोंगराभोवती. या फेरीत एकाच दिवशी एकापेक्षा जास्त वेळा चढून उतरावं लागतं आणि प्रत्येक उतार वेगळ्या दिशेचा. म्हणजे एका तिकिटात चार सिनेमे! शनिवारी १,०५० ग्रॅमची जोडी, रविवारी १,३५० ग्रॅमची. बूट तेच, वाट तीच, हवाही जवळपास तशीच.

आपण एकाच शब्दात ‘बर्फ’ म्हणतो, पण डोंगर त्याचे किती प्रकार करून वाढतो! उत्तरेच्या सावलीत तो पिठासारखा भुसभुशीत. धारेवर वाऱ्यानं थापून बसवलेला, टणक. उन्हाच्या बाजूला सकाळी काचेसारखा आणि उन्हं चढली, की वरून भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाणेदार. हा साबुदाणा म्हणजे स्वर्गसुख, पण तासा-दोन तासांचं. नंतर त्याचा चिखल होतो. आणि सगळ्यात खवट प्रकार म्हणजे पापुद्रा. वर पातळ कडक थर, आत भुगा. पाय कधी वर तरतो, कधी आत घुसतो, आणि कुठे काय होणार ते कळत नाही.

चढताना हलकी जोडी अर्थातच जिंकली. नागमोडी वाटेच्या वळणावर पाय उचलून स्की फिरवताना तर ती जाणवतही नव्हती. भुसभुशीत बर्फातही दोन्ही जोड्या गुणी मुलींसारख्या वागल्या. खरा निकाल लागला पापुद्र्यावर. हलकी स्की प्रत्येक ढेकळाला उत्तर देत होती. ढेकूळ डावीकडे म्हणालं, की ही डावीकडे! कडक उतारावर तिची थरथर थेट गुडघ्यात येत होती. रविवारची जोडी तोच पापुद्रा फोडत, आपली रेघ धरून गेली.

याचं कारण साधं आहे. वस्तुमान कमी, की धक्क्यानं दिशा बदलणं सोपं. शिवाय वजन घटवायला स्कीच्या गाभ्यात पाउलोनियासारखं हलकं लाकूड आणि वर कार्बन वापरतात. कार्बन ताठ असतो, पण थरथर गिळायच्या बाबतीत धातूच्या पत्र्याचा किंवा जड लाकडाचा हात त्याला सहसा धरता येत नाही. पायाचं तंत्र पक्कं असलेले लोक हलक्या स्कीवरही सुरेख उतरतात. पण ते तंत्र पायात हवं, शीटमध्ये असून चालत नाही!

सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चढताना दम लागतो, उतरताना कस लागतो. दम संपला तर बसता येतं. घसाऱ्यावर पाय सुटला तर बसायचं कुठे, हे आपण ठरवत नाही. इथे तर खाली न्यायला रोपवेही नाही. पुन्हा फाटलेलं लिगामेंट घेऊन निर्जन खोऱ्यात बसणं मला परवडणारं नव्हतं.

मग माझी शीट बदलली. वजन चौथ्या कॉलममध्ये गेलं. पहिल्यात आली मधली रुंदी. कडक बर्फाला आणि वसंतातल्या लांब टूरना ८० ते ८५ मिलिमीटर उत्तम, खोल भुसभुशीत बर्फाला १००च्या पुढे, सगळं थोडं थोडं भेटणार असेल तर ८८ ते ९५. दुसऱ्यात आकार. टोक थोडं वर उचललेलं असेल, तर पापुद्र्यात अडकत नाही. पायाखाली कमान असेल, तर कडक बर्फावर धार लागते. तिसऱ्यात बाइंडिंग. बुटाला दोन पिनांमध्ये पकडणारी हलकी बाइंडिंग ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८०च्या दशकात शोधली आणि टूरिंगचं रूपच पालटलं. पण काही अतिहलक्या बाइंडिंगमध्ये बूट किती जोरावर सुटावा, हे सेटिंग बदलताच येत नाही. माझ्या गुडघ्यासाठी तिथे शंभर-दीडशे ग्रॅम जास्त मोजणं हा सगळ्यात स्वस्त विमा होता.

शेवटी घेतली ती ८८ मिलिमीटरची, १,३५० ग्रॅमची स्की, लांबी माझ्या नाकापर्यंत. किंमत सांगत नाही. युरोचे रुपये करायचे नाहीत, असा माझा नियम आहे!

गुलमर्गचा बेत असेल तर हिशोब बदलेल. तिथल्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतवर ३,९०० मीटरच्या वर सोडतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत खोल बर्फ मिळतो. तिथे रुंद स्की आनंद देईल. मात्र कुठेही जा, हिमस्खलनाचं बुलेटिन वाचूनच निघा. युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. ट्रान्सीव्हर, फावडं आणि प्रोब या तीन गोष्टी सॅकमधून कमी करून वजन वाचवायचं नसतं. कुठलीच स्की स्खलनापासून वाचवत नाही.

खरेदी करताना आपण बहुतेक वेळा सीव्हीतल्या ‘मी’साठी करतो. तो रोज पाचला उठतो, दोन हजार मीटर चढतो, दमत नाही. स्की मात्र दुपारी दोन वाजताच्या, भुकेल्या, थकलेल्या ‘मी’च्या पायात असते. तिलाच आधी विचारा. ती खोटं बोलत नाही.